गळती, आवळणी आणि चेंबर

अवजड डिझेल ट्रकच्या इंजिनाच्या बुडाशी पत्र्याचे, कधी ओतीव ॲल्युमिनियमचे आणि अलीकडच्या काही गाड्यांत काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकचे जे खोलगट भांडे बोल्टांनी टांगलेले असते, त्याला दुरुस्ती-पुस्तिका ऑईल पॅन म्हणतात, ब्रिटिश वळणाचे अभियंते सम्प म्हणतात आणि कळंबोलीपासून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरपर्यंतचा कोणताही मिस्त्री चेंबर म्हणतो. पहिले नाव उघडच स्वयंपाकघरातून आले आहे. दुसऱ्याचा मूळ अर्थ दलदल असा असून ते खाणीच्या तळाशी पाणी साचण्यासाठी खणलेल्या खड्ड्यावरून इंजिनाकडे आले आहे. परंतु ते आपल्याकडच्या गॅरेजात रुजले नाही, कारण १९८२ चा गिरणी संप पाहिलेल्या प्रदेशात मिस्त्रीने मालकाला फोन करून ‘संप फुटला’ असे कळवले, तर मालकाला शोक होण्याऐवजी आनंद होण्याचा धोका असतो. उरले तिसरे नाव, आणि तेही निर्धोक नाही. मराठी माणसाच्या व्यवहारात चेंबर तीन आहेत : एक वकिलाचे, ज्यात शिरण्यासाठी परवानगी लागते, दुसरे नगरपालिकेचे, ज्यात शिरण्यासाठी झाकण नसणे एवढे पुरते, आणि तिसरे इंजिनाचे, ज्यात कोणी शिरत नाही, परंतु ज्याच्याखाली शिरल्यावाचून काही जणांचे पोट भरत नाही. रस्ता नव्याने डांबरला गेल्यावर दुसऱ्या चेंबरचे झाकण वितभर वर राहते आणि एखाद्या मोटारीचे तिसरे चेंबर त्यावर आदळते, तेव्हा पहिल्या चेंबरातल्या गृहस्थाला काम मिळते. तिन्ही चेंबरांचा एकमेकांशी संबंध आहे तो एवढाच.

प्रस्तुत विवेचन तिसऱ्या चेंबरपुरते, आणि त्यातही ट्रकच्या चेंबरपुरते मर्यादित आहे. उदाहरणादाखल कमिन्स घराण्यातले, सहा सिलिंडरांचे, ५.९ लिटर क्षमतेचे आणि सिक्स-बीटी या नावाने ओळखले जाणारे इंजिन घेता येईल. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये भागीदारीत कंपनी काढून जमशेदपूरला कारखाना घातल्यानंतर या घराण्यातली इंजिने टाटांच्या ट्रकांत बसू लागली; आणि त्याच्याही तीस वर्षे आधीपासून, म्हणजे १९६२ पासून, किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्याच्या कोथरुडात कमिन्सची इंजिने घडत असल्यामुळे मराठी मिस्त्र्यांना ते नाव परके वाटले नाही. या इंजिनाच्या पोटात साधारण १५ लिटर ऑईल मावते. खाद्यतेलाचा पत्र्याचा डबाही जवळपास तेवढ्याच मापाचा असतो, आणि ही सोय सृष्टिकर्त्याने जाणूनबुजून केलेली दिसते, कारण जुने ऑईल सोडण्यासाठी गाडीखाली जे पात्र सरकवले जाते ते म्हणजे आडवा पाडून वरची बाजू कापून काढलेला शेंगदाणा तेलाचा डबा. डबा आणि ऑईल यांचे माप असे तंतोतंत जुळल्यामुळे भरलेला डबा एक थेंबही न सांडता बाहेर ओढून काढणे हे कौशल्य ठरते, आणि ते कौशल्य कोणाकडेही नसल्याचा पुरावा प्रत्येक गॅरेजच्या जमिनीवर कायमचा उमटलेला असतो.

चेंबरचे काम वरवर पाहता धरून ठेवण्याचे आहे. ऑईल पंप आपल्या चोषणनळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीतून चेंबरमधले ऑईल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि क्रँकच्या, कॅमच्या व टर्बोच्या बेरिंगांपर्यंत दाबाने पोचवतो. तिथली उष्णता आणि काजळी अंगावर घेऊन ते ऑईल पुन्हा खाली गळत येते. वर जायला पंप लागतो, खाली यायला कोणाचीच मदत लागत नाही. खाली आलेल्या ऑईलला चेंबरच्या पत्र्याला लागणारा वारा थोडेफार थंड करतो, त्यातला गाळ तळाशी बसतो, आणि घाट चढताना सगळे ऑईल मागे धावून पंपाच्या नळीने नुसती हवा ओढू नये म्हणून चेंबरचा एक भाग मुद्दाम खोल ठेवलेला आणि आत आडवे पडदे लावलेले असतात. बोर घाटाच्या चढणीवर ट्रकचे नाक आकाशाकडे लागलेले असताना इंजिन चिकटत नाही, याचे श्रेय चालकाच्या कौशल्याला, बंपरवरच्या लिंबू-मिरचीला आणि चेंबरमधल्या त्या पडद्यांना वाटून द्यायला हवे. पहिल्या दोघांना ते भरपूर मिळते.

तिसऱ्याकडे कोणी पाहत नाही, याला कारण ट्रकची रचना आहे. ट्रकच्या पाठीवर एक संपूर्ण वाङ्मय लिहिलेले असते, आणि त्याची दखल इतकी गंभीरपणे घेतली जाते की महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली ‘हॉर्न ओके प्लीज’ या तीन शब्दांवर बंदी आणली. ट्रकच्या कपाळावर देवाचे नाव असते, दारांवर मुलांची नावे असतात. पोटावर मात्र काहीच लिहिलेले नसते, आणि जे लिहिलेले असते ते ऑईलने.

येथे एका समजुतीचे निराकरण करणे आवश्यक आहे. चेंबर फुटते ते दगडाने किंवा गतिरोधकाने, असे सामान्यतः मानले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, आणि प्रत्यक्षात तो गावातल्या उत्साही तरुणांच्या सूचनांप्रमाणे असतो, हे खरेच आहे. परंतु त्याचा मार खातात त्या लहान मोटारी. ट्रकची पुढची धुरा घरातल्या कर्त्या माणसासारखी सगळ्यांच्या खाली वाकून पहिला तडाखा आपल्या अंगावर घेते आणि चेंबर बहुधा तिच्या आडोशाला सुखरूप राहते. खाणीतल्या किंवा नदीपात्रातल्या वाहतुकीत दगड उडून पत्रा चेपतो, किनारपट्टीवर तो गंजतो, हे होतेच. तरीही गॅरेजात आलेल्या चेंबरांचे शवविच्छेदन केले, तर त्यांतली पुष्कळशी मारली गेलेली नसून मायेने गेलेली आढळतात. त्यांना कोणीतरी वर्षानुवर्षे, काळजीपोटी, थोडे जास्त आवळलेले असते.

चेंबरच्या तळाशी ऑईल सोडण्यासाठी एक बोल्ट असतो. शास्त्रदृष्ट्या तो बोल्ट असला तरी गॅरेजात त्याला ऑईलचा नट म्हणतात, आणि रंगभूमीवरच्या नटाप्रमाणेच त्याच्या प्रवेशापेक्षा त्याच्या निर्गमनाचे नाट्य मोठे असते. त्याच्या डोक्याखाली तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे मऊ वायसर असते, जे एकदा दाबले गेले की पत्रा आणि बोल्ट यांच्यातला सूक्ष्म खाचखळगा भरून काढते, आणि म्हणूनच प्रत्येक ऑईल बदलाला ते नवे घालावे असे पुस्तिका सांगते. परंपरा असे सांगते की जुने वायसर चांगले दिसते आहे, तेव्हा तेच घालावे आणि नट थोडा जास्त आवळावा. पुढच्या खेपेला तेच वायसर आणखी चपटे झालेले असल्यामुळे नट आणखी थोडा आवळला जातो. हा ‘थोडा’ कधीच मोजला जात नसल्यामुळे त्याची बेरीजही कोणी करत नाही. ती करतात ते आटे. आटे म्हणजे बोल्टच्या अंगावर आणि छिद्राच्या आतल्या कडेला कोरलेल्या मळसूत्री खाचा, ज्या एकमेकींत गुंतून बोल्टला धरून ठेवतात. दहाव्या-बाराव्या ऑईल बदलाला केव्हातरी पान्याखालचा विरोध एकाएकी नाहीसा होतो, नट गोड गिरकी घेतो, आणि बारक्या, म्हणजे गॅरेजातला उमेदवार पोऱ्या, वर न पाहता म्हणतो, “मिस्त्री, आटे गेले.” माणसाचे आटे ढिले झाले तर तो निदान बोलका होतो, चेंबरचे गेले की ते फक्त गळते.

काठाच्या बोल्टांचेही हेच आहे, फक्त तिथे चूक अधिक विद्वत्तापूर्ण असते. चेंबरचा काठ आणि इंजिनाचा खालचा पृष्ठभाग यांच्यामध्ये बूच, रबर किंवा तत्सम मऊ पदार्थाचा एक थर असतो, ज्याला पुस्तिका गॅस्केट आणि गॅरेज पॅकिंग म्हणते. काठाला ऑईलचा ओलावा दिसला की पाहणाऱ्याचा हात आपोआप पान्याकडे जातो. बोल्ट आवळला की बोल्टच्या भोवतालचा पत्रा खोलगट दबतो, तिथले पॅकिंग चिरडून बाहेर येते, आणि दोन बोल्टांच्या मधला पत्रा मात्र कमानीसारखा इंजिनापासून दूर होऊन तिथे नवी फट पडते. फट पडली की गळती वाढते. गळती वाढली की आणखी आवळले जाते. गळणारा नळ दातओठ खाऊन पिळणारा आणि आतले वायसर कापून टाकून तो कायमचा गळका करणारा गृहस्थ प्रत्येक मराठी घरात असतोच. ट्रकच्या बाबतीत त्याच गृहस्थाच्या हातात दोन फुटी पाना असतो, एवढाच फरक.

चेंबर गेले हे सिद्ध झाल्यानंतर ते बदलले जाते असे समजणे भाबडेपणाचे आहे. आधी एम-सीलचा काळ येतो. कणकेसारखे मळून लावायचे आणि वाळले की दगडासारखे कठीण होणारे हे लिंपण भारतीय दळणवळणाच्या पायात किती ठिकाणी घातले गेले आहे याची गणना झालेली नाही. परंतु ऑईलचा पुसट थर असलेल्या पत्र्यावर ते धरत नाही, आणि गळणाऱ्या चेंबरवर ऑईलचा थर नसणे शक्य नसते. तरी ते लावले जाते, कारण भाडे ठरलेले असते, कांदा भरलेला असतो, आणि कांद्याला थांब म्हणता येत नाही. मग ट्रक पाच लिटरांचा ऑईलचा कॅन बरोबर घेऊन निघतो, धाब्याधाब्यावर ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी काढून पाहिली जाते, खालून जाते तेवढे वरून घातले जाते, आणि या पद्धतीने गाडी चालवणाऱ्या चालकाला आपण गळती थांबवली नसून तिला पगारावर ठेवले आहे, हे कळत असूनही वळत नाही. दाबाचा काटा ज्या दिवशी शून्याकडे झुकतो आणि लाल दिवा लागतो, त्या दिवशी अर्ध्या मिनिटात गाडी बंद केली तर चेंबरवर निभावते. पुढचा पंप दोनच किलोमीटरवर आहे असा विचार केला, तर बेरिंगे क्रँकला चिकटतात, आणि मग इंजिनाच्या किमतीला त्या दोन किलोमीटरांनी भागून प्रति किलोमीटर खर्च काढावा लागतो.

चेंबर उतरवण्याची क्रिया आडवे पडून करायची असते. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांत ज्ञान मिळवण्यासाठी बसावे लागते. ही शाखा अपवाद आहे. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून, बॅटरीची वायर काढून मिस्त्री खड्ड्यात उतरतो, आणि खड्डा नसेल तर गोणपाट अंथरून गाडीखाली सरकतो, म्हणजे बाहेरच्या जगाला त्याचे फक्त पाय आणि आवाज उपलब्ध राहतात. त्या पायांभोवती लवकरच सभा भरते. तीत मालक असतो, चालक असतो, शेजारच्या गाडीचा चालक असतो, चहावाला असतो आणि किन्नर असतो. किन्नर म्हणजे क्लीनर. पुराणातले किन्नर देवांसमोर गात असत, ट्रकवरचा किन्नर गाडी मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ असा एकच राग आळवतो आणि सम गाठण्याच्या जरा नंतर ‘बस’ म्हणतो. या सभेतल्या प्रत्येकाला चेंबर कसे काढावे हे माहीत असते. गाडीखाली गेलेला माणूस सोडून कोणालाही त्याविषयी शंका नसते.

इंजिन कोमट असताना ऑईल सोडावे, असा नियम आहे, कारण कोमट ऑईल पातळ असते आणि गाळ बरोबर घेऊन उतरते. कोमट या शब्दाची व्याख्या मात्र पुस्तिकेने केलेली नाही. नटाचे शेवटचे दोन आटे बोटांनी सोडताना नट अचानक मोकळा होतो, ऑईलची काळी जाड धार आधी तळहातावर, मग मनगटावर आणि तिथून गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला अनुसरून कोपरापर्यंत येते, नट डब्याच्या तळाशी जातो, आणि मिस्त्रीच्या तोंडून जे शब्द निघतात ते कोमटपणाचे खरे परिमाण होय. अनुभवी माणूस नट सोडताना कोपर हातापेक्षा वर ठेवतो. या एका वाक्याची किंमत त्याने कातडीने मोजलेली असते.

दुरुस्ती-पुस्तिकेत यापुढचा मजकूर फार थोडा असतो. चेंबरचे बोल्ट काढावेत, चेंबर उतरवावे, नवे चेंबर उलट क्रमाने बसवावे. तंत्रविषयक वाङ्मयात ‘उलट क्रमाने बसवावे’ या वाक्याइतके अल्पाक्षरी आणि तितकेच निर्दय वाक्य दुसरे नसेल, कारण ते लिहिणाऱ्याने इंजिन टेबलावर मांडलेले असते आणि वाचणाऱ्याच्या नाकापासून ते चार बोटांवर असते. तीसएक बोल्टांपैकी पंचवीस मुकाट्याने निघतात. दोन धुरेच्या आड असतात, त्यांना सरळ पाना लागत नाही आणि वाकडा पाना शेजारच्या गॅरेजात गेलेला असतो. एकाची डोकी आधीच्या कोणीतरी पोपट पान्याने गोल करून ठेवलेली असते. चारही कोपऱ्यांतले एकेक बोल्ट शेवटपर्यंत ठेवायचे असतात, नाहीतर चेंबर एका बाजूने लोंबते आणि आत उरलेले लिटरभर ऑईल ज्या बाजूला मिस्त्रीचे डोके असते त्या बाजूने बाहेर येते. सर्व बोल्ट निघाल्यावर चेंबर खाली पडेल अशी अपेक्षा असते. ते पडत नाही. मागच्या दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी उदार हाताने लावलेल्या सिलिकॉनने ते इंजिनाला असे धरून ठेवलेले असते, की बोल्टांची मुळात गरज होती का असा प्रश्न पडावा. अशा वेळी पेचकस ठोकून काठ उचकटण्याचा मोह टाळायचा असतो, कारण त्याने इंजिनाच्या पृष्ठभागावर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा पुढच्या गळतीचा उगम ठरतो. पातळ पाते सरकवून, लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी हलके ठोकत, चेंबरची समजूत घालावी लागते.

आणि मग ते चार बोटे खाली येऊन अडते. हा या विषयातला सर्वात रम्य भाग असून त्याची कल्पना पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला कोणी देत नाही. आत पंपाची चोषणनळी चेंबरच्या खोल भागात उतरलेली असते. खाली धुरा किंवा आडवी तुळई असते. चेंबर इतके खाली येऊ शकत नाही की नळी मोकळी होईल, आणि नळी इतकी आखूड नसते की चेंबर बाजूला सरकेल. इंजिनाचे माउंटिंग सोडून इंजिनच वर उचलणे हा एक मार्ग आहे. तो मालकाला सांगितला की मालक खाली वाकून प्रथमच मिस्त्रीचा चेहरा पाहतो. दुसरा मार्ग म्हणजे त्या चार बोटांच्या फटीतून हात आत घालून, न दिसणाऱ्या जागी असलेले नळीचे बोल्ट निव्वळ स्पर्शाने शोधून, एका वेळी एक दशांश फेरा या गतीने सोडवून नळी चेंबरमध्येच पाडणे आणि दोघांना एकत्र बाहेर काढणे. या वेळी मिस्त्रीचे डोळे मिटलेले असतात, ओठ किंचित हलत असतात, आणि आत काय चालले आहे हे बाहेर कोणालाच कळत नसल्यामुळे सभेतही शांतता पसरते. मोठमोठ्या साधकांना जी एकाग्रता हिमालयात मिळत नाही, ती कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे, डाव्या कानात जुने ऑईल थेंबथेंब पडत असताना, नळीचा शेवटचा बोल्ट सापडेपर्यंत टिकते. मालक नेमका याच वेळी विचारतो, “मिस्त्री, संध्याकाळपर्यंत सुटेल ना गाडी?”

उतरलेले चेंबर म्हणजे इंजिनाची जन्मपत्रिका असते. तळाच्या काळ्या गाळात बोट फिरवले की जाणकाराला पुष्कळ काही कळते. गाळ दह्यासारखा पांढुरका असेल तर आत पाणी शिरले आहे. तांबूस चमक असेल तर बेरिंगचा वरचा थर झिजून खालचे तांबे उघडे पडले आहे. ज्या गाड्यांत ऑईलच्या नटाला चुंबक असतो त्यांत त्यावर चिकटलेली लोखंडी लव किती दाट आहे यावरून उरलेले आयुष्य सांगता येते. यांखेरीज जुन्या सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे सापडतात, जे उद्या चोषणनळीच्या जाळीत अडकले असते, आणि एखादे वायसर सापडते, जे कोणत्याही बोल्टचे नसते. ते वायसर कोणाचे, हा प्रश्न विचारला जात नाही. ते पुसून खिशात ठेवले जाते.

यानंतर येणारे काम सर्वात कंटाळवाणे आणि एकमेव महत्त्वाचे आहे, ते म्हणजे इंजिनाचा खालचा पृष्ठभाग स्वच्छ करणे. जुने पॅकिंग नखाएवढेही राहिले तर नवे पॅकिंग तिथे उचलले जाते. ऑईलचा ओशटपणा राहिला तर सिलिकॉन धरत नाही. आणि वरून ऑईल गळायचे पूर्ण थांबलेले नसल्यामुळे पुसलेली जागा पाठ फिरताच पुन्हा ओशट होते. खरे तर चेंबर बदलणे हे काम नव्वद टक्के चिंधीचे आणि दहा टक्के पान्याचे आहे, परंतु चिंधीला प्रतिष्ठा नसल्यामुळे ती बारक्याच्या हाती दिली जाते आणि पाना मिस्त्रीकडे राहतो. पॅकिंग कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉन लागते ते फक्त जिथे पुढचे गिअर-कव्हर आणि मागच्या सीलचे घर इंजिनाला मिळतात त्या सांध्यांवर, हरभऱ्याएवढे. हे सिलिकॉन हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होते, त्याला एक दिवस द्यावा असे नळीवर छापलेले असते, आणि कोकणात पावसाळ्यात त्याला आर्द्रतेची ददात पडत नाही. परंतु हरभऱ्याएवढे म्हणजे कंजूषपणा, अशी एक सार्वत्रिक भावना असल्यामुळे ते केकवरच्या क्रीमसारखे सगळ्या काठाने फिरवले जाते. त्यातले निम्मे बाहेर येते, ते दिसते. निम्मे आत जाते, ते दिसत नाही, आणि पुढच्या खेपेच्या शेवया तयार होतात.

बोल्ट आधी सगळे हाताने लावायचे, मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात थोडेथोडे आवळायचे. किती, याचे उत्तर पुस्तिका देते : या इंजिनाच्या चेंबरच्या काठाच्या बोल्टांसाठी २४ न्यूटन-मीटर. न्यूटन-मीटर हे पीळ मोजण्याचे एकक असून २४ न्यूटन-मीटर म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला ८ किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. आठ किलो म्हणजे बाजारातून आणलेली भाजीची पिशवी. भरलेल्या ट्रकचे चाक लाथेने आवळणाऱ्या माणसाला भाजीच्या पिशवीएवढे बळ लावून थांब म्हणणे हा त्याच्या पुरुषार्थाचा अपमान असतो, आणि या देशातल्या बहुतांश गळत्या त्या अपमानाच्या प्रतिकारातून उद्भवलेल्या आहेत. ठरलेला पीळ बसताच ‘कट’ असा आवाज करणारा टॉर्क पाना मिळतो. तो अनेक गॅरेजांत असतोही, खोक्यात, देवाच्या तसबिरीखाली. तो वापरला की काम येत नाही असे गिऱ्हाईकाला वाटेल, या भीतीने मनगटावर भरवसा ठेवला जातो. काही मनगटे खरोखर भरवशाची असतात, हे मान्य करायला हवे. तीस वर्षे पाना धरलेला एखादा मिस्त्री बोल्ट जिथे सोडतो तिथे टॉर्क पाना लावून पाहिला तर आवाज लगेच येतो. पण तोच मिस्त्री जेवायला गेल्यावर बारक्या, आपणही काही करावे या सद्भावनेने, सगळ्या बोल्टांवरून पुन्हा एकदा हात फिरवतो.

नव्या ऑईलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू हा इंग्रजी हिवाळ्याचा असून त्याच्या अलीकडचा आकडा ऑईल थंडीत किती वाहते ते सांगतो, तर पलीकडचा ते तापल्यावर किती दाट राहते ते. या १५ आकड्याची कसोटी शून्याखाली २० अंशांवर, इंजिन फिरवण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रात घेतली जाते. निफाडकडे थंडी वाढली की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात खऱ्या, तरी त्या आकड्याला महाराष्ट्रात अद्याप काम मिळालेले नाही. ऑईल भरल्यावर पट्टी काढून पातळी पाहायची, गाडी सुरू करून दाबाचा काटा उठेपर्यंत रेस द्यायची नाही, बंद करून काही मिनिटांनी पुन्हा पट्टी पाहायची. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये ऑईल असावे, आणि खुणेच्या वर असणे म्हणजे श्रीमंती नव्हे. क्रँक त्यात बुडून ते घुसळतो आणि फेस येतो. काढलेले ऑईल हे नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेले पाहिजे. ते पुष्कळदा जवळच्या इमारतीच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना लागते, म्हणजे हजारो किलोमीटर धावून थकलेले ऑईल अखेर कोणाच्या तरी स्लॅबखाली विसावते.

सर्व झाल्यावर गाडीखाली एक कोरा पुठ्ठा अंथरून ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती अतिशय शास्त्रीय आहे. सकाळी त्या पुठ्ठ्याभोवती पुन्हा सभा भरते. पुठ्ठ्यावर बहुधा रुपयाएवढा एक काळा डाग असतो. मालक मिस्त्रीकडे पाहतो, मिस्त्री डागाकडे पाहतो, आणि “हे जुनं ऑईल आहे शेठ, वरती तुळईवर साठलेलं, तेच उतरतंय,” असे सांगतो. पाचांतल्या चार वेळा ते खरे असते, कारण नवे ऑईल अजून मधासारखे असते आणि डाग काजळासारखा असतो. म्हणून असा डाग दिसल्यास तुळई आणि चेंबरचा काठ कोरड्या चिंधीने पुसावा, पुठ्ठा बदलावा, आणखी एक रात्र थांबावे. आणि तोवर बारक्याच्या हाती पाना देऊ नये.